कोत नसलेलं घर

माझी शेवटची पोस्टिंग उत्तर काश्मीरमधल्या एका चौकीवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. हाताखाली नऊ जण. शस्त्रं ठेवायच्या खोलीला फौजेत कोत म्हणतात. बेसवर परतलो की रम मिळायची. पण आधी हत्यार कोतात जमा, रजिस्टरवर सही, मग ग्लास. अठरा महिने हा क्रम कधी चुकला नाही. या अठरा महिन्यांत माझा एकही माणूस गेला नाही, हे मी पुढे लोकांना अभिमानाने सांगत असे.

निवृत्तीनंतर मी कांदिवलीत राहायला आलो. सेक्शनमधले दोघे मुंबईतच होते. नाईक सावंत बोरिवलीतल्या एका शाळेच्या गेटवर, लान्स नाईक परब घाटकोपरच्या एका सराफाचा बॉडीगार्ड. परबकडे लायसन्सचं पिस्तूल होतं. ते शर्टाखाली, कमरेला असे. बाहेरून दिसत नसे.

एका रविवारी दोघे माझ्याकडे जेवायला आले. परब सकाळची ड्युटी संपवून थेट आला होता. १२.४० ला बाटली उघडली. पिस्तूल त्याच्या कमरेला आहे हे मला माहीत होतं. पहिल्या पेगला मी काही बोललो नाही. दुसऱ्यालाही नाही.

१.२५ ला तो सुरमईची तुकडी घ्यायला वाकला. शर्ट वर सरकला.

"परब, ते काढून ठेव."

"हय कोत खंय, साहेब? वयनीच्या पिठाच्या डब्यात ठेवूचा?"

सावंत हसला. "ठेव रे. संध्याकाळी चपात्या कडक होतील."

"चेष्टा नको," मी म्हणालो. "खाली कर. आत्ता."

"येस सर!" परबने बसल्या जागी सॅल्यूट ठोकला.

पिस्तूल खाली, म्हणजे रिकामं, करायची ड्रिल ठरलेली आहे. आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, मग वरची स्लाइड ओढून चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या खाचेत, गोळी उरली नाही ना ते पाहायचं, शेवटी मोकळ्या दिशेला धरून ट्रिगर दाबायचा. परबने ती असंख्य वेळा केली होती. त्या दुपारी त्याने आधी स्लाइड ओढली. गोळी चेंबरमध्ये गेली. मग मॅगझिन काढून त्याने ते ताटाशेजारी ठेवलं. पिस्तूल रिकामं झालं असं तिघांनाही वाटलं. चेंबर कोणी पाहिला नाही. परबने ट्रिगर दाबला.

समोर सावंत बसला होता.

गोळी गळ्याखाली लागली. मी टॉवेल दाबून धरला. परब "सावंता, माका बघ" एवढंच म्हणत राहिला. १.५० ला आम्ही हॉस्पिटलात पोचलो. २.१० ला डॉक्टर बाहेर आले.

सावंतची बायको तीनच्या सुमारास आली. तिने एकच प्रश्न विचारला. "हत्यार कोणाचं होतं?"

"परबचं," मी सांगितलं.

हुकूम कोणाचा होता, हे तिने विचारलं नाही. हुकूम माझा होता, आणि तो दोन पेग उशिरा दिला होता. पोलिसांच्या जबाबात मी तसं लिहून दिलं आहे. परबवर केस चालू आहे.

सावंत अठरा महिने माझ्या सेक्शनची एलएमजी, म्हणजे लाइट मशीनगन, वाहत होता. तिथे त्याला ओरखडाही आला नाही. माझ्या हुकमाखाली मी एकच माणूस गमावला, तो कांदिवलीत, माझ्या जेवणाच्या टेबलावर.