नाकाने कांदे निवडणाऱ्या हिरामावशी

आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरात काय शिजतंय, हे त्या घरच्या बाईच्या आधी हिरामावशींना कळायचं. संध्याकाळी मी जिना चढायला लागलो की त्या दुसऱ्या मजल्यावर दाराशी मेथी निवडत बसलेल्या असत. मान वर न करता म्हणत, "सुधाकर, डबा तसाच परत आणला ना? कारल्याची भाजी हे त्याच्यात. बाहेर मिसळ हाणली वाटतं." बायकोसाठी रचत आणलेली माझी थाप जिन्यातच प्राण सोडायची. तळमजल्यावरच्या एका काकांनी भर चतुर्थीला गुपचूप भुर्जी खाल्ली आणि वर तीन पानं, चार लवंगा चावून घरी आले. मावशी एवढंच म्हणाल्या, "लवंग चांगली होती. अंडं जरा जास्त झालं." काकांनी पुढची चतुर्थी निर्जळी केली.

हे नाक घडलं विंचूरला, एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर. खळं म्हणजे कांदा निवडून गोण्या भरतात ते आवार. जगात नाकाने कांदे सोलणारे पुष्कळ. मावशी नाकाने कांदे निवडत. डोंगराएवढ्या ढिगापुढे डोळे मिटून उभ्या राहत आणि सांगत, "डाव्या अंगाला, कोपरभर आत." हात घालावा तर नासका कांदा बोटांना लागायचा. एकदा म्हणे एसटी निफाडला थांबलेली असताना त्यांनी विंचूरची सडू लागलेली कांद्याची चाळ ओळखली. वारा उलटा होता, असंही सांगणारे सांगतात. मी त्या एसटीत नव्हतो, पण असतो तरी हेच सांगितलं असतं.

व्यापाऱ्याने खळं बंद केलं आणि मुलगा मावशींना नाशकात घेऊन आला. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटला असलं नाक झेपत नाही. सून अर्चना स्वभावाने गरीब. तरी रोज उठून "फोडणीत हिंग राहिला" आणि "ही कोशिंबीर कालची हे" कोण ऐकून घेणार? तिने मोगऱ्याच्या वासाचे फवारे आणले. स्वयंपाकघरात एक, बाहेरच्या खोलीत एक, मावशींच्या पलंगाशी एक. त्या मोगऱ्याच्या धुक्यात मावशी नाकाला पदर लावून बसायच्या. महिनाभरात त्यांचं बोलणं अर्ध्यावर आलं. मी कारलं परत आणलं तरी गप्प. तेव्हा मात्र मला धास्ती वाटली.

एक दिवस त्यांनीच मला जिन्यात थांबवलं. "तुझ्या कंपनीत काय काम हे का रे?"

शहराबाहेरच्या एका वायनरीत मी स्टोअर सांभाळतो. हंगामात तिथे द्राक्षं निवडायला बायका घेतात. मी तसं सांगितलं, तर मुलगाच आडवा आला. "आई, गळ्यात तुळशीची माळ घालून दारूच्या कारखान्यात जाशील?"

"मी काय पिणार हे का? हुंगणार हे," मावशी म्हणाल्या. "देव तरी कुठं जेवतो? वास घेतो न् ताट माघारी देतो. त्याला कोणी बाटवलं का?"

मुलगा यावरचं उत्तर अजून शोधतोय बिचारा.

आमचे मालक तरुण, परदेशात शिकून आलेले. झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, 'ही नोकरी तुम्हाला का हवी आहे?' त्याचं उत्तर मी मावशींकडून आठवडाभर घोकून घेतलं: 'मला आपल्या संस्थेच्या प्रगतीत योगदान द्यायचे आहे.' मावशी कुरकुरल्या, "हे कोण बोलतं रे असं? पेपरातला माणूस?" पण पाठ केलं.

मुलाखतीला शिफारस माझी, म्हणून मीही खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. मालकांनी प्रश्न टाकला. मावशींनी पदर सावरला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मला तुमच्या संस्थेला गोदान द्यायचंय."

मालक परदेशी शिकलेले असले तरी नाशिकचेच. ते शांतपणे म्हणाले, "मावशी, गोदान तर माणूस जायला टेकला की करतात. आमची कंपनी टेकलीय का?"

मावशींनी एक लांब श्वास ओढला. टेबलावरचे कागद थरथरले, हे मी स्वतः पाहिलं. "कंपनी नाय टेकली. पण या भिंतीमागं द्राक्ष उतरवलंय ना, त्यातलं खालचं एक क्रेट टेकू राहिलं. आंबूस वास येऊ राहिला. आजच काढा, नायतर शेजारच्यांना घेऊन जाईल."

माणूस धावला. सर्वांत खालच्या थरातलं क्रेट निघालं. वरचे घड टवटवीत, आत पाणी सुटलेलं.

मालकांनी खुर्ची मावशींकडे वळवली. मग पाठांतरातला नसलेला प्रश्न आला. "मावशी, मुलगा कमावतो, सून चांगली आहे. मग या वयात काम कशाला?"

आता मावशींना माझं वाक्य आठवत नव्हतं, आणि आठवायचंही नव्हतं. "साहेब, घरात सगळं मिळतं. पण कोणी काही विचारत नाय. खळ्यावर चाळीस वर्षं दिवसातून शंभरदा हाक यायची, हिराबाई, जरा बघा बरं हे. आता सून बटण दाबती न् मोगरा सोडती. नाक हे माझ्याकडं अजून. कोणी विचारलं पाहिजे, एवढंच."

मालक उठले. आतून कुठल्याशा टाकीतला रस वाटीत घेऊन आले, मावशींपुढे धरला आणि म्हणाले, "जरा बघा बरं हे."

मावशींचे डोळे भरले होते, पण व्यवहार सुटला नव्हता. "आधी नोकरी द्या. मंग हुंगते."

पाच हंगाम मावशी कंपनीच्या गाडीने आल्या-गेल्या. शिकलेली पोरं यंत्राचे आकडे घेऊन त्यांच्याकडे यायची आणि यंत्राला चूक ठरवून परत जायची. एवढा मोठा मालक विचारतो म्हटल्यावर घरातलेही विचारू लागले. अर्चना आमटीची पळी घेऊन बाहेर यायची, "आई, बघता का जरा?" मावशी मुद्दाम दोनदा वास घ्यायच्या. दुसरा श्वास निव्वळ ऐटीचा असायचा.

गेल्या थंडीत मावशी दुपारच्या झोपेतच गेल्या.

पंधरवड्यानंतर अर्चना दुधाचं पातेलं घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "भाऊ, सकाळपासून बाहेर राहिलंय. चांगलं आहे का, बघता?" आता बिल्डिंगमध्ये विचारायला दुसरं होतं कोण? एवढी वर्षं मावशींच्या सहवासात काढलेला माणूस मीच. मी डोळे मिटले, पातेल्यावर वाकून लांब श्वास घेतला, ऐटीचा दुसराही घेतला आणि जाणत्या माणसासारखी मान डोलावली. "अगदी चांगलं आहे. ठेवा चहा."

चहा फाटला.