मागची चाकं सुटली की

कॉव्हेंट्रीत आमच्यापैकी कोणाच्याही घरी जेवायला बसा, ताकभातापर्यंत गॅरीच्या ट्रॅकचा विषय निघतोच. एकाने एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि दर वेळी गाडी आधीपेक्षा जास्त गरगरते. मी न फुगवता सांगतो. शक्यतो.

सुरुवात मिलिंद आणि मेधापासून. मिलिंद माझ्याच ऑफिसातला, पुण्याचा. मेधा त्याची बायको, फिजिओथेरपिस्ट. आसपासच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा चालतं करणं हे तिचं काम. एका जानेवारीत रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या बर्फावरून गाडीची मागची चाकं सुटली. शेजारी बसलेला मिलिंद ओरडला, "झाड, झाड!" गाडी नेमकी झाडावर.

दोघांना खरचटलंही नाही. पण मेधाने किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. तिची मॅनेजर चांगली होती. म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यापर्यंत बघू, नाहीतर हॉस्पिटलच्या वॉर्डातलं काम घे." मेधाला वॉर्ड नको होता, तिला तिचे म्हातारे हवे होते.

मी म्हटलं, गॅरीकडे जाऊ. एका जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर तो ड्रिफ्टिंग शिकवायचा, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवायची आणि घसरत असतानाच ताब्यात ठेवायची.

मेधा म्हणाली, "जे चुकून झालं, तेच आता क्लास लावून करायचं?"

*

पहिली पाळी माझी. गॅरीने समजावलं: मागचा भाग बाहेर गेला की ॲक्सिलरेटर हलकेच सोडायचा, मागचा भाग जिकडे जातोय तिकडे स्टिअरिंग वळवायचं आणि ब्रेक विसरायचा.

माझ्या पायाने यातलं काहीच ऐकलं नव्हतं. त्याने ब्रेक दाबला. गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडाने उभी राहिली.

गॅरीने चष्मा पुसला. "छान. आता कुठून आलास ते नीट दिसत असेल."

*

त्या उन्हाळ्यात मिलिंदची आई पुण्याहून आली होती. सून नव्या गाडीत बसणार म्हणून त्यांनी पर्समधून लिंबं काढली आणि चारही चाकांखाली एकेक ठेवलं. मिलिंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, अगं ती त्यांची गाडी आहे."

गॅरीने सगळं नीट विचारून घेतलं. मग पुढच्या चाकांखालची लिंबं उचलून मागे नेऊन ठेवली. म्हणाला, "त्यांना सांग, आमचा सगळा प्रॉब्लेम मागच्या चाकांचा असतो."

*

मग मेधा बसली. शेजारी गॅरी, मागे मिलिंद. गाडी घसरली की मागून मिलिंदचा हात पुढे यायचा, "टायर, टायर!" कडेला जुन्या टायरांची भिंत रचलेली होती. गाडी दर वेळी सरळ तिच्यात.

"तो काय म्हणतो?" गॅरीने विचारलं.

"टायर दाखवतो."

"तुला दिसत नाहीत?"

"दिसतात," मेधा म्हणाली. "पण आमच्याकडे बरोबरच्या माणसाने दाखवायचंच असतं. नाही दाखवलं तर त्याला काळजी नाही असं वाटतं."

गॅरी म्हणाला, "घसरताना डोळे जिथे, गाडी तिथे. जिथे आपटायचं नाही तिथे बघूच नकोस, जिथे जायचंय तिथे बघ." मग मिलिंदला उतरवून त्याच्या आईशेजारी खुर्चीवर बसवलं. "आणि तू, दाखवणारच असशील तर मोकळी जागा दाखव."

*

मिलिंदने हे फारच मनावर घेतलं. शनिवारी सुपरमार्केटमध्ये मेधा ट्रॉली ढकलतेय आणि हा शेजारून हात करतोय, "मोकळं, डावीकडे मोकळं."

दुधाच्या कपाटापाशी एका इंग्लिश आजीबाईंनी मला हळूच विचारलं, "त्यांना दिसत नाही का?"

"दिसतं," मी म्हटलं. "नवऱ्याचं ट्रेनिंग चालू आहे."

*

सप्टेंबरात पाऊस पडून ट्रॅक ओला झाला होता. मेधाने गाडी वळणात टाकली, मागचा भाग सुटला, आणि स्टिअरिंग उलटं धरून तिने अख्खं वळण तसंच घसरत काढलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं का सांगू.

मिलिंदच्या आईने संध्याकाळी फोनकार्डावरचा नंबर खरवडून पुण्याला फोन लावला, "सूनबाई गाडी आडवी चालवते. पण छान चालवते."

*

पुन्हा जानेवारी आला. मॅनेजरने मेधाला एका आजोबांची व्हिजिट दिली. धीर द्यायला म्हणून तिच्या शेजारी मिलिंद आणि मागे मी. रस्ता तोच होता. वळणावर तेच झाड उभं होतं, बुंध्यावरचा ओरखडाही अजून दिसत होता.

बरोबर तिथेच मागची चाकं सुटली.

माझ्या तोंडात "झा" आला होता, तो मी गिळला. मिलिंदचा हात पुढे आला. पण झाडाकडे नव्हता.

"रस्ता," तो म्हणाला. "रस्ता, रस्ता."

मेधाने ब्रेकला पाय लावला नाही. स्टिअरिंग थोडं वळवलं, परत आणलं. गाडी एकदा डुलली आणि सरळ झाली.

"दिसतोय रे," मेधा म्हणाली.