मामांनी दरीत लोटलेला ढीग

वाट चुकल्यावर गोंधळणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण स्वतः अचूक वाटेवर असून बरोबरच्या सगळ्यांना गोंधळात टाकणारा माणूस मी एकच पाहिला, माझ्या धाकट्या बहिणीचे सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. सगळी हयात एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि तिच्याहून जुनी एक वाट मनावर घेतली. ही वाट शाहूवाडीच्या डोंगरात सरकारी गायरानातून चढते आणि खिंड ओलांडून पलीकडच्या गावात उतरते. लांबून डांबरी रस्ता झाला तशी लोकांनी ती सोडली, मग तिच्यावर दरड आली, घाणेरीची झुडपं माजली. ती पुन्हा गाडीजोगी करायची, हा मामांचा ध्यास. कशासाठी, असं विचारलं की म्हणायचे, "वाट हाय म्हणून."

दर रविवारी आम्ही कोल्हापुरातून निघायचो. डोंगरात गाड्या घालायची हौस असलेली पोरं, गॅरेजवाले दस्तगीरभाई, आणि बहिणीच्या सासरी आपलं नाव चांगलं राहावं म्हणून मी. जमायची जागा मामा फोनवर सांगत. "जांभळापास्नं डावीकडं वळा." जांभूळ केव्हाच तोडलेलं. "मग म्हशी बसत्यात तितनं वर." त्या दिवशी म्हशी दुसरीकडे बसलेल्या. निम्मी फौज भलत्याच टेकाडावर घाणेरी तोडत राहायची. एकदा आम्ही कुणा शेतकऱ्याचा बांध इतका झकास साफ केला की त्याने चहा पाजून "पावणं, परत कवा येनार?" असं विचारलं. मामा कुणावर चिडले नाहीत. "झाड न्हाय म्हणून जागा जाती व्हय?" एवढंच म्हणाले.

खरा घोळ खिंडीत झाला. ऐन माथ्यावर, वाटेच्या मधोमध, झुडपात बुडालेला दगडांचा ढीग होता. दरडीचाच असणार म्हणून आम्ही तो दरीत लोटला. पुढच्या रविवारी बघतो तर तिथेच लहानसा ढीग. तोही लोटला. त्याच्या पुढच्या रविवारी जरा मोठा. मामांनी आधी माकडांवर संशय घेतला, मग गव्यांवर.

"मामा, गवा दगडावर दगड कसा ठेवंल?" दस्तगीरभाई म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो, हे माणसाचं काम हाय. कुणाला तरी आपली वाट बघवंना."

एकदा डोक्यावर पोतं घेतलेला एक म्हातारा आला. घामाघूम झालेल्या आमच्याकडे बराच वेळ बघत राहिला, जाताना एक दगड नेमका त्या जागी ठेवून गेला. मामा खूश झाले. "बगा, गावबी हातभार लावाय लागलं." दगड काढणाऱ्याला दगड आणून देणं हा कसला हातभार, हे मला कळेना. पण मामांच्या सहवासात न कळण्याची सवय होते.

वाट साफ करायची सरकारी परवानगी पावसाळ्यापर्यंतचीच होती. शेवटच्या रविवारी तालुक्याचे साहेब बघायला येणार होते. गाडी आरपार गेली तर वाट खुली, नाहीतर कायमची बंद. त्या दिवशी जीपमध्ये पुढच्या सीटवर मामी. गुडघे धरल्यापासून त्या घराबाहेर पडत नव्हत्या. लग्नाला जायचंय अशी थाप मारून मामांनी त्यांना आणलं होतं. दस्तगीरभाईंनी तेव्हा मला बाजूला घेऊन सांगितलं, "पलीकडलं गाव म्हंजे मामींचं म्हायेर. नवरी हून ह्याच खिंडीतनं आलत्या. डांबरी रस्त्यानं न्हेतो म्हटलं की म्हंत्यात, खिंडीतनं आलते, खिंडीतनंच जाईन." मला एकदम भरून आलं, आणि इतके रविवार आपण जीपवेड्या म्हाताऱ्याची हौस पुरवतोय असं समजत होतो, याची गंमतही वाटली.

खिंडीत पोचलो तर कमरेएवढा ढीग. साहेबांनी घड्याळ बघितलं. मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. त्यांना तसं मी कधीच पाहिलं नव्हतं.

मामी मात्र काचेतून बघत हसल्या. "एवढा झाला? म्हंजे माणसं परत चालाय लागली की."

"कसला एवढा?" मामा.

"खिंडीतल्या देवाचा. ह्या वाटंनं जाईल त्यानं एक दगड ठेवायचा, म्हंजे सुखरूप पोचतो. मीबी ठेवलाता. तुमी फुडं चाललाता, बघितलं न्हाय." आणि मग, "मला इचारलं असतंसा तर पयल्याच आयतवारी सांगितलं असतं."

तेवढं एकच माणूस विचारायचं राहिलं होतं, कारण त्यांच्यासाठीच तर सगळं गुपचूप चाललं होतं.

मामा उतरले आणि ढिगाच्या उजवीकडची मातीची कड खणू लागले. आम्ही सगळे लागलो, शेवटी साहेबांनीही फावडं घेतलं. देवाला वळसा घालून जीप जाईल एवढी जागा झाली. मामी म्हणाल्या, "मला एक दगड द्या." पण आम्ही वाट इतकी चोख झाडली होती की दगड म्हणून सापडेना. सत्तरीचे मामा दरीत उतरले आणि आपणच लोटलेल्यातला एक घेऊन आले. मामींनी गाडीत बसूनच हात लांब करून तो ढिगावर ठेवला, आणि जीप पलीकडे उतरली.

मामींना त्यानंतर पुन्हा जाणं झालं नाही. गुडघे आता जीपही सोसत नाहीत. मामा अजून दर रविवारी खिंडीत जातात, दरीतले दगड एकेक करून वर आणतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सापडावेत म्हणून कडेला मांडून ठेवतात. निघताना एक स्वतः ढिगावर ठेवतात.

"मामा, तुम्ही तर इथनं माघारीच फिरता," मी एकदा म्हणालो. "मग दगड कशाला?"

"तिचा हाय त्यो," मामा म्हणाले.