देव हलत नाही, नाला हलतो

माझे एक मित्र मारेगावकडच्या एका खेड्यात राहतात. निवृत्त मुख्याध्यापक, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. ते गावाचा इतिहास लिहीत होते आणि मी यवतमाळच्या कॉलेजात इतिहास शिकवून घरी बसलेला, म्हणून त्यांनी मला मदतीला धरलं. पुस्तकात त्यांना एक गोष्ट पक्की हवी होती : त्यांच्या आज्याचं, म्हणजे आजोबांचं, घर नेमकं कुठं होतं. आज्याच्या काळात पुराला कंटाळून गाव नाल्याकाठून उठलं आणि वर माळावर येऊन बसलं. जुनी जागा, जिला इकडे रीठ म्हणतात, ती नांगराखाली गेली. घर चावडीला लागून होतं एवढं गुरुजींना ठाऊक होतं. चावडी कुठं होती, यावर गावात जितकी तोंडं तितके पुरावे होते.

पूर्वी असल्या कामासाठी एसटीनं जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, रेकॉर्ड रूमच्या बाबूंचा चहा संपायची वाट पाहायची आणि चहा संपला की जेवणाची सुट्टी सुरू व्हायची. आता त्या शिवाराचा जुना मोजणी नकाशा सातासमुद्रापलीकडच्या एका ग्रंथालयानं फुकट खुला केलेला, मी लुंगीवर बसून उतरवून घेतला. त्यात चावडी होती, विहीर होती, देऊळ होतं. हा नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवला की झालं. त्यासाठी दोन्हीकडे सापडणाऱ्या तीन खुणा संगणकाला दाखवाव्या लागतात. शिवेचा दगड मिळाला, विहीर मिळाली. तिसरी गुरुजींनी सुचवली.

"मारोती घ्या सर. मानूस हालते, देव काय हालते?"

मला ते पटलं. संगणकालाही पटलं. त्यानं नकाशा तिरपा ओढून, ताणून बसवला आणि चावडी थेट नाल्याच्या पात्रात नेऊन ठेवली.

इथं आम्ही थांबायला हवं होतं. पण यंत्राचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? पुराव्याशी सिद्धान्त जुळला नाही की विद्वान माणूस नवा सिद्धान्त काढतो. आम्ही दोघांनी मिळून काढला. नाल्यानं पात्र बदललं होतं. गुरुजींनी त्यावर दोन पानं लिहिली, भाषाही जरा भारदस्त झाली. दरम्यान गावाच्या फाट्यावर फलक लागला : 'उपग्रहाच्या साहाय्याने सिद्ध झालेला ग्रामेतिहास'. प्रकाशन गावच्या रोडग्यांच्या पंगतीला ठरलं, आमदार यायचे होते. नकाशाचं पान चुकलं असतं तर गुरुजींना उरलेलं आयुष्य त्याच फाट्यावर एसटीची वाट पाहत काढायचं होतं.

पान छापायला जायच्या आधी मी शेवटची नजर टाकायला त्यांच्याकडे गेलो होतो. ओसरीवर लॅपटॉप उघडा. गुरुजी फोनवर पंगतीची व्यवस्था सांगत होते. रोडगे भाजायला गोवऱ्या कुठं टाकायच्या, वांगी कोण आणणार.

"गोवऱ्या दरसालच्याच जागी टाक. देवाच्या जुन्या पारावर," ते म्हणाले आणि फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे पाहू लागले.

मीही त्यांच्याकडे पाहत होतो. दरवर्षी सारं गाव खाली शेतात जातं, एका रिकाम्या पाराला शेंदूर लावतं आणि तिथं रोडगे खातं, कारण गाव उठलं तेव्हा मारोतीलाही बैलगाडीत घालून वर आणलं होतं. हे शेंबड्या पोरालाही माहीत. तिथं कित्येक वर्षं रोडगे गुरुजींनी खाल्ले होते आणि पाहुणा म्हणून मीही. तूप मागून घेऊन. आम्ही नाला हलवायला तयार झालो होतो, देव मात्र नाही.

मी तिसरी खूण नव्या देवळावरून उचलून जुन्या पारावर ठेवली. नकाशा गुमान सरळ झाला. विहीर विहिरीवरच राहिली, गल्ल्या शेतांच्या धुऱ्यांना, बांधांना जाऊन भिडल्या, चावडी कोरड्या जमिनीवर आली.

"नाल्याचे दोन पानं?" मी विचारलं.

"नाला आपल्या जागी गेला, सर. पानं चुलीत जातीन."

चावडीशेजारची जागा त्यांच्या चुलतभावाच्या वावरात निघाली. भावानं पुरावा मागितला नाही. आज्याचं घर सापडलं तर आनंदच आहे, पण दादानं तुरी तुडवू नये, एवढं त्यानं कळवलं. मोबाइलवरचा निळा ठिपका पाहत गुरुजी डोक्याएवढ्या तुरीत शिरले. थोड्या वेळानं मला त्यांची फक्त टोपी दिसत होती. ती थांबली आणि तिनं एक गिरकी घेतली.

मी धुऱ्यावरून सरळ त्यांच्याकडे निघालो.

"तिकडून नोका येऊ, सर," तुरीतून आवाज आला. "तिकडं भित हाय. दारातून या."

मी वळसा घालून दारातून गेलो.