ओरखड्याशेजारी आईची खाट

हळूबाचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं. फ्रेमवाला माणूस. उभा जन्म काच कापण्यात गेला, आणि गिऱ्हाइकानं दारात पाऊल टाकायचा अवकाश, हा आतून ओरडणारच, "हळू, बाबा, हळू!" त्यावरूनच नाव पडलं.

अशा माणसाला न्हाव्यानं गंडवावं, तेही ओल्या फडक्यानं! न्हावी दुकान बंद करत होता, त्याची माशांची जुनी टाकी हळूबानं घेतली. बोलता बोलता न्हावी काच ओल्या फडक्यानं पुसत होता. ओल्या काचेवर ओरखडा लपतो, हे हळूबानंच गावभर शिकवलेलं. पण त्या दिवशी डोळ्यांपुढे आई होती. मांडीचं हाड मोडल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवण नको, बोलणं नको.

टाकी खाटेला लागून मांडली, मासे सोडले, आणि म्हातारी कुशीवर वळली. चार घास जास्त जेवली. आ वासून फिरणाऱ्या माशाला तिनं व्याही करून टाकलं.

"माझ्या बाबांना मासा केलंत?" सून फणकारली.

"मग काय! बोलतात का कधी? नुसता आ!"

हसणं चाललं होतं, एवढ्यात खिडकीतून ऊन आलं आणि हळूबाला ओरखडा दिसला. बाहेरच्या अंगाला, या काठापासून त्या काठापर्यंत, पट्टी लावून ओढल्यासारखा. काच कापतात ती अशीच. हिरकणीच्या टोकानं एक रेघ ओढायची, मग हलकेच टकटक करायचं. पुढं रेघेवर तुटायचं काम काच आपणहून करते.

आणि आई चमच्यानं त्याच काचेवर टकटक करत होती. "या रे, खायला या!"

"आई, नको!"

"का रे? झोपमोड होते त्यांची?"

खरं सांगायची हळूबाची छाती होईना. "टाकी जरा तिकडे सरकवू का?" तो चाचरत म्हणाला.

"सरकव. मी आपली भिंत बघते."

त्यानं टाकी होती तिथंच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि जाड काच घरी आणली. टाकीतलं पाणी उपसून निम्म्यावर आणलं, ओरखड्यावर काच चिकटवायचा डिंक लावून ती काच बसवली. आता डिंक धरेपर्यंत दाबून ठेवायची. खाट थोडी मागं ओढून, मधल्या फटीत आईकडे पाठ करून तो बसला. दोन्ही तळहात काचेवर, कपाळावर घाम.

"काचेचे पाय चेपताय का?" बायकोनं टोमणा मारला.

त्यानं तिला जवळ बोलावून कानात सांगितलं. तशी ती शेजारी टेकली आणि तिनंही काचेला हात लावले. आतून कुठंतरी बारीक कर्र झालं. डिंकाचा आवाज, की काचेचा? जन्मभर हा आवाज ऐकलेल्या हळूबालाही कळेना.

तेवढ्यात पाठीवर चमचा टोचला.

"सरका की दोघं. व्याही दिसेना माझा."

"आई, थोडा वेळ थांब ना गं."

"थांबायला काय, पडलेलीच आहे मी. सरक."

हात न काढता हळूबा वीतभर सरकला. तेवढ्याच जागेतून चमचा काचेकडे पुढे आला.