उभं राहणारं कव्हर

वडगावात अप्पासाहेबांना मागून हाक मारण्यात काही अर्थ राहिलेला नाही. कुणी कितीही घसा फोडला तरी ते आपल्या चालीने चालत राहतात. समोर जाऊन उभं राहिलं की मात्र छान हसतात आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत बरोबर उत्तर देतात. चाळीस वर्षं दोन यंत्रमागांच्या मधल्या बोळात उभं राहिलेल्या माणसाचे कान शाबूत राहतील अशी अपेक्षाच चूक. खुद्द अप्पासाहेबांची तशी अपेक्षा नव्हती आणि तक्रारही नव्हती.

कारण मागाच्या घरात कानांवाचून फारसं अडत नाही. माग सुरू असले की धडधाकट कानाच्या माणसालाही शेजारचा काय म्हणतो ते कळत नाही. मग सगळं घर ओठांनी आणि हातांनी बोलतं. आवाज काढायचाच नाही, ओठ तेवढे ठळक हलवायचे, आणि ओठांत मावणार नाही ते हातांवर सोपवायचं. दोन बोटं जुळवून झटक्यात लांब केली की धागा तुटला. अंगठा ओठाशी नेला की चहा. कमरेवर हात ठेवून मान वाकडी केली की शेजारच्या भरमूची सासू आली आहे, आता तासभर काम होणार नाही. ही खूण कुणी काढली ते माहीत नाही, पण ती सासूबाईंना सोडून सगळ्या गल्लीला कळते.

अप्पासाहेबांची एकुलती लेक राजेश्वरी तर बोलायच्या आधी हातवारे करायला लागली होती. पहिलीत असताना बाईंनी तिच्या आईला, अंजनीला, बोलावून घेतलं आणि मुलगी ओठ हलवते पण आवाज काढत नाही, एकदा डॉक्टरांना दाखवा, असं काळजीने सांगितलं. अंजनी घरी येऊन पोट धरून हसली. नवऱ्याला हे सांगायला तिलाही आवाज काढावा लागला नाही.

दोन वर्षांपूर्वी राजेश्वरी लग्न होऊन नाशिकला गेली आणि मग मात्र कानांवाचून अडायला लागलं. फोन यायचा तो अंजनीच्या कानाला. अर्धा अर्धा तास बोलणं चालायचं. अप्पासाहेब समोर बसून बायकोच्या चेहऱ्यावरून नाशिकचं हवामान ओळखायचा प्रयत्न करायचे. फोन ठेवल्यावर ते भुवया उडवायचे आणि अंजनी त्या अर्ध्या तासाचा सारांश सांगायची, "बरी हाय." कधी कधी शेवटी फोन त्यांच्याही कानाला लावला जायचा आणि ते आपले व्हय, व्हय, बरं, करून मोकळे व्हायचे. एकदा राजेश्वरी विचारत होती की स्कूटरवरून पडलात म्हणं, लई लागलं का, तर हे म्हणाले, व्हय, लई चांगलं झालं.

पण त्यांना लेकीला एक गोष्ट विचारायची होती आणि ती बायकोच्या मार्फत विचारता येण्यासारखी नव्हती. तिथे सुखात आहेस का, खरं सांग. फोनवर ती बोलायची ते सासूच्या समोर, दिवाणखान्यात बसून. तिथून आलेल्या 'बरी हाय'वर त्यांचा काडीइतका विश्वास नव्हता. लेकीचे ओठ बघितल्याशिवाय आणि आपले हात तिला दाखवल्याशिवाय काही खरं नाही, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. मोबाईलवर व्हिडिओ लावून बघितला, पण त्यात तिचे ओठ तांदळाएवढे दिसायचे.

म्हणून दिवाळीला राजेश्वरीने नवऱ्याचा जुना टॅब कुरिअरने पाठवला. टॅब चांगला मोठा होता, पण नागडा. अंजनीने तो खणाच्या कापडात गुंडाळून देवाजवळ ठेवला, आणि पहिल्या फोनच्या वेळी तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. तिसऱ्या मिनिटाला तो घसरला. अप्पासाहेबांनी झेप घालून धरला, आणि उरलेला वेळ दोन्ही हातांनी धरूनच बसले. आता त्यांचे दोन्ही हात धरून ठेवणं म्हणजे दुसऱ्या कुणाचं तोंड दाबून धरणं. लेक समोर दिसत होती, ओठही वाचता येत होते, आणि यांना एक शब्द बोलता येत नव्हता.

शेवटी राजेश्वरीनेच सावकाश ओठ हलवून सांगितलं, बाजारात चुंबकाचं कव्हर मिळतं, पडलं तर फुटत नाही आणि आपलं आपण उभं राहतं, ते आणा.

दुसऱ्या दिवशी अप्पासाहेब शहापूरच्या खडे बाजारात गेले. टॅब घेऊन गेले नाहीत. रस्त्यातले खड्डे आणि रिक्षावाले यांच्या हवाली ती काच करायला ते तयार नव्हते. त्यांनी काय केलं, सुताचा धागा घेऊन टॅबची लांबी, रुंदी, जाडी मोजली आणि प्रत्येक मापाला एक गाठ मारली. चाळीस वर्षं साड्या मोजलेला माणूस, त्याच्या गाठीत चूक निघायची नाही. शिवाय आडवा धागा ओढून नेणारा मागाचा धोटा पिशवीत टाकला. धोट्याच्या दोन्ही टोकांना पोलाद असतं, तेव्हा चुंबक पारखायला दुसरं काय पाहिजे?

दुकान सौरवचं. कंग्राळीचा शेतकऱ्याचा मुलगा, तिशीचा, गोड बोलणारा. त्याने टॅबची कंपनी विचारली, मॉडेल विचारलं, कुठल्या साली घेतला ते विचारलं. अप्पासाहेबांनी उत्तरादाखल काउंटरवर धागा ठेवला. सौरव त्या धाग्याकडे बघतच राहिला. मग त्याने कागदावर लिहून दाखवलं की टॅब घेऊन या, मापावर कव्हर देता येत नाही. अप्पासाहेबांना हा आपल्या गाठींचा अपमान वाटला. त्यांनी स्वतःच कव्हरं खाली काढायला लावली, धागा लावून सहा बाजूला काढली आणि सहाही कव्हरांना धोटा चिकटवून बघितला. चारांवरून धोटा घसरला. एकाने धरला पण कुरकुरत. सहाव्याने असा धरला की ओढून काढावा लागला. त्याचा रंगही डाळिंबी होता, साडीच्या काठाला शोभेल असा. सौदा तिथेच झाला.

घरी आल्यावर कव्हर टॅबवर असं बसलं की बेतून शिवल्यासारखं. अप्पासाहेबांनी बायकोकडे विजयी नजरेने बघितलं. रविवारी अकराला फोन लागला. टॅब स्टुलावर ताठ उभा, राजेश्वरी समोर, मागे सोफ्यावर तिच्या सासूबाई पेपर वाचत बसलेल्या. अप्पासाहेबांनी दोन्ही हात मोकळे सोडले आणि बोलायला सुरुवात केली. मागावर ताण्याचा नवीन बीम चढवल्याचं सांगितलं, भरमूच्या सासूचं सांगितलं, पायाचं दुखणं गेल्याचं सांगितलं. आणि मग धीर करून ते दोन वर्षांचं विचारलं. छातीवर तळवा ठेवायचा आणि तो हळूच उलटा करायचा, म्हणजे आतून कसं आहे.

राजेश्वरी पडद्यावर इतकी वाकली की तिचं नुसतं कपाळ दिसायला लागलं, ओठ दिसेनात. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि मागे वळून सासूकडे बघितलं. पोरगी सांगायला घाबरते, एवढाच अर्थ अप्पासाहेबांना लागला. हातातली खूण तशीच छातीवर राहिली आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात अंजनी आतून आली आणि तिने टॅबला कान लावला. थोडा वेळ ऐकून नवऱ्याकडे वळली आणि ओठांनी म्हणाली, "तिला काय बी दिसना झालंय. निस्ता अंधार हाय."

माप तंतोतंत होतं, पण कव्हर दुसऱ्याच टॅबचं होतं. वरची चौकट बरोबर कॅमेऱ्याच्या भिंगावर येऊन बसली होती. दहा मिनिटं अप्पासाहेब अंधारात हात नाचवत होते. धाग्याला लांबी कळते, भोक कुठे आहे ते कळत नाही, हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं. तरी त्यांना एकदम हायसं वाटलं. लेकीने उत्तर टाळलं नव्हतं, तिला प्रश्नच पोचला नव्हता. पण तो अजून तिथेच होता, आणि आता तो मोठा वाटायला लागला होता.

सोमवारी माग बंद ठेवून ते पुन्हा निघाले. या वेळी टॅब बरोबर होता, खणात गुंडाळून, साड्यांच्या दोन घड्यांमध्ये घालून, रिक्षात छातीशी धरून. दुकानात गेल्यावर त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. समोरच्या हॉटेलातून दोन चहा मागवले, आणि सौरवलाही ते समजलं. चूक कव्हराची नाही हे त्याने मनाचा मोठेपणा दाखवून मान्य केलं आणि डाळिंबी कव्हर बदलून द्यायला तयार झाला.

मग त्याने तीन कव्हरं मांडली. एक पुस्तकासारखं, झाकण दुमडून त्रिकोण होणारं. एक जाड रबराचं, वर कडी असलेलं, लहान मुलांनी आपटण्यासाठी केलेलं. अप्पासाहेबांचा हात कडीकडे गेला, कारण कडी म्हटल्यावर भक्कम असणारच. सौरवने त्यांना थांबवलं आणि त्यांच्या समोर तोंड आणून विचारलं की अण्णा, आधी सांगा, याचं करणार काय तुमी? अप्पासाहेब थोडे घुटमळले. घरचं बोलणं दुकानात सांगायचं कसं? पण पोरगा ओठ ठळक हलवून बोलत होता, त्याला कुणी शिकवलेलं नसताना. त्यांनी सांगून टाकलं. कान, माग, नाशिक, हात, सगळं.

सौरवने चहाचा कप खाली ठेवला. थोडा विचार केला.

"अण्णा, टॅब आडवा ठिवला तर तुमचं निस्तं तोंड दिसणार. हात भाईरच ऱ्हाणार," तो म्हणाला. "तुमाला उभा ऱ्हाणारा पायजे."

आणि त्याने तिसरं कव्हर पुढे केलं. त्याच्या पाठीचा अर्धा भाग चुंबकाने चिकटलेला होता. तो ओढून काढला, फिरवून पुन्हा लावला, आणि टॅब दाराच्या चौकटीसारखा उभा राहिला. कोपऱ्यांना जाड गाद्या होत्या आणि भिंगाला बरोबर जागच्या जागी भोक होतं. सौरवने कॅमेरा लावून टॅब काउंटरवर ठेवला आणि अप्पासाहेबांना दोन हात अंतरावर उभं करून काहीतरी बोलायला लावलं. अप्पासाहेबांनी आपल्याला बोलताना जन्मात पहिल्यांदा बघितलं. हात दिसत होते, छाती दिसत होती, ओठ दिसत होते. आपण बोलताना इतकी तोंडं करतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते लाजून बाजूला झाले.

धोटा पिशवीत होता, पण तो त्यांनी बाहेर काढला नाही. कापडाचा काठ ओढून बघावा तशी टॅबची किनार दोनदा ओढून बघितली, चुंबक सुटला नाही. रंग तेवढा उंदरासारखा होता. डाळिंबी मिळेल का म्हणून त्यांनी विचारून बघितलं. नव्हतं. रंगापायी अंजनी बोलणार हे धरून त्यांनी तेच घेतलं, आणि अंजनी बोललीच.

बुधवारी दुपारी जेवणं झाल्यावर फोन लागला. माग बंद होते. टॅब स्टुलावर उभा. अप्पासाहेब दोन हात मागे सरकून बसले. राजेश्वरीने त्यांना बघितलं आणि एकदम आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, आप्पा म्हणाली. मागे सासूबाई टीव्ही बघत होत्या. अप्पासाहेबांनी या वेळी बीमचं सांगितलं नाही, पायाचं सांगितलं नाही. छातीवर तळवा ठेवला आणि उलटा केला.

राजेश्वरीने एकदा मागे बघितलं. मग पुढे सरकून तिने हात उचलले. इतकं भराभर बोलायला लागली की अप्पासाहेबांना तिला हळू म्हणून सांगावं लागलं. माणसं चांगली आहेत. सासूबाई जीव लावतात. पण इथे कुणालाच हातांनी बोलता येत नाही, सगळं आवाज काढून सांगावं लागतं, संध्याकाळी घसा दुखतो. आणि इथे लई शांत आहे. एवढं बोलून ती थांबली. मग ओठांनी सावकाश म्हणाली, "मला झोप लागत न्हाय, आप्पा. दोन वर्सं झाली."

सासरचा जाच, नवऱ्याचं व्यसन, काय काय अप्पासाहेबांनी मनात मांडून ठेवलं होतं, आणि पोरीला नडत होती ती शांतता. त्यांना हसू आलं नाही. पाळण्यात असल्यापासून ही पोर मागाच्या खडखडाटात झोपलेली. लाईट गेली आणि माग थांबले की रडत उठायची, हे ते विसरूनच गेले होते.

"माग सुरू करा की थोडा," ती म्हणाली.

त्यांनी उठून बटण दाबलं. माग धडधडायला लागला, जमीन हलली, स्टूल हललं, टॅब जागचा हलला नाही. नाशिकला सासूबाईंनी दचकून कानांवर हात ठेवले आणि टीव्हीचा आवाज वाढवायला रिमोट शोधला. राजेश्वरीने सोफ्याच्या पाठीला डोकं टेकून डोळे मिटले. डोळे मिटलेल्या माणसाशी अप्पासाहेबांना बोलता येत नव्हतं, तेव्हा ते कापडाकडे बघत मागाशी उभे राहिले.

धोट्यातल्या कांडीचं सूत संपलं आणि माग थांबला. अप्पासाहेबांनी वळून टॅबकडे बघितलं. राजेश्वरी बसल्या जागी झोपली होती, तोंड थोडं उघडं. टीव्ही बंद होता आणि तिच्या अंगावर कुणीतरी चादर टाकली होती. माग थांबल्याबरोबर तिची पापणी हलली. सासूबाई लगबगीने पडद्यापुढे आल्या. एक बोट ओठांवर ठेवलं, आणि दुसरा हात हवेत गोल गोल फिरवून अप्पासाहेबांना सांगितलं, चालू दे, चालू दे.

अप्पासाहेबांनी भराभर दुसरी कांडी घातली आणि माग सुरू केला.