नानांचं इराणी चिलखत

रद्दी निदान विकता येते. आमच्या वाचनालयाच्या कट्ट्यावरचे किस्से मात्र नुसते साठत जातात. यंदाच्या उन्हाळ्यात तर एका चिलखतानेच ढीग लावला.

मी रिटायर्ड क्लार्क, नाना माझे जुने हेडक्लार्क, आबा वर्कशॉपमधले पत्र्याचे कारागीर. प्राचीन इराणी आणि रोमन सैन्यात घोडा आणि स्वार, दोघेही खवल्यांच्या चिलखतात मढवलेले असत, असं मी एका पुस्तकातून वाचून दाखवलं.

नाना म्हणाले, "वाचनालयाच्या प्रदर्शनात मी असा बसणार!"

ऑफिसात नानांना कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. सवय राहिली.

*

आबांनी तेलाचे डबे कापून खवले केले आणि जाड कापडावर शिवले, माशासारखे एकावर एक. नेमका नानांच्या पोटावर आला 'निव्वळ वजन १५ किलो'.

आबा म्हणाले, "आकडा खोटा शे!"

*

रोमन लोक अशा स्वाराला भट्टीवरून नाव देत, हेही मी वाचलं.

"म्हणजे ते मे महिन्यात जळगावला येऊन गेले होते!" इति आबा.

*

नानांच्या पत्नी अक्का मात्र हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांच्या छातीत स्टेंट आहे. पत्र्यात भरताय खरं, धडधाकट परत आणून द्या."

*

प्रदर्शनाच्या दिवशी पारोळ्याहून नवरदेव मिरवणारी घोडी आली, मालक भाऊसकट. तिचं चिलखत पहिल्याच खेपेला चपखल बसलं. नानांचं काही बसेना.

"पोट आत घ्या!" आबा ओरडले.

नानांनी छाती भरून श्वास घेतला. मी पाठीवरचा पट्टा ओढून बकल लावलं. टाळ्या! फोटो!

फोटो संपले तरी नाना हलेनात, बोलेनात. चेहरा लालबुंद. बकल सुटेना. आबांनी पत्र्याची कात्री उचलली. मला डोळ्यांसमोर अक्का दिसू लागल्या.

घोडीवाला भाऊ पुढे झाला. "नाना, श्वास सोडा बठ्ठा, पुरा सोडा! मनी घोडी बी पट्टा बांधताना अशीच फुगस!"

नानांनी श्वास सोडला. बकल सुटलं, पत्रे खळ्ळकन खाली. नाना बाकावर बसले, तांब्याभर पाणी प्यायले, हसले. मग आम्हीही श्वास घेतला.

तेवढ्यात त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. "माझं माप कुठून घेतलं?"

"नोकरीला लागतानाच्या मेडिकल सर्टिफिकेटवरून, साहेब. सही-शिक्क्याचं आहे," मी म्हणालो.

"आणि घोडीचं?"

"तिचं रेकॉर्डच नव्हतं. टेपनं मोजावं लागलं."